तीन रकाने

साल त्र्याऐंशी. नागपूरच्या स्टँडवर कुहीची गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती, म्हणजे ती यायला अजून अवकाश होता. रांगेत माझ्यापुढं दोन बायका उभ्या होत्या.

“कचेरीत काय झालं वं, वच्छला?”

“शोभाताई, सायबानं कागद काढला. त्याच्यात तीन रकाने. पाणी, शाळा, दवाखाना. म्हणे, पैसा कमी हाय, गावाले एकच भेटंल.”

“मंग तू शाळा सांगतली असशीन. तुई शामला घरीच राह्यते.”

“शाळा हाय ना गावात. शामलाच नाही तिथं. ते सकाळपासून नदीचं पाणी भरून राहिली.”

“मंग दवाखाना?”

“काहून? त्याच पाण्यानं तं लेकराइले हगवण लागते. मी म्हटलं, सायेब, तिन्ही रकान्यांत हापसीच लिवा.”

“असं म्हटलं तू? सायबाले?”

“म्हटलं. त्यानं लिवलं बी. सोमवारी बोरिंगची मशीन येते. शामलाचं दप्तर शिवाले टाकून आली मी.”

“अन् मंग सायबानं काय केलं?”

“खुर्चीवरून उठून उभा झाला.”

“कोणासाठी वं?”

“मी मागं वळून पाह्यलं ना. मागं कोणीच नव्हतं.”