आबांच्या जीपचं लोणी

तेल चांगलं निघालं म्हणून कुणी भांडायला आलेलं ऐकलंय? आमच्याकडं आलं होतं, बाहत्तरच्या दुष्काळाआधी.

नगरला मी आणि माझा भागीदार गाड्यांचे धक्के झेलणाऱ्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं तेल बनवायचो. तापलं की ते पातळ व्हायचं आणि गाडी उड्या मारायची. शेवटी एक मिश्रण जमलं. श्रीगोंद्याच्या आबांच्या जीपमध्ये भरून दिलं. आठवड्यानं आबा तणतणत आले.

"पयलंच तेल परत घाला."

"का, गाडी उडतीय?"

"न्हाई ना. तितंच घोटाळा हाय."

मग कळलं. आबा रोज सकाळी दह्याची किटली मागच्या सीटला बांधून निघायचे. खड्डे खात घरी येईपर्यंत लोणी वर आलेलं असायचं.

"आता दही जातं तसंच परत येतंय. बायकोनं मलाच रवीला जुंपलंय."

भागीदार हरखून म्हणाला, "आबा, याच्याएवढं मोठं सर्टिफिकेट नाही."

"मग ते भाकरीवर घिऊन खाऊ का?"

दिलं जुनं तेल घालून. पण पुढं प्रत्येक नवीन मिश्रण आम्ही त्यांच्याच जीपमध्ये भरून बघायचो. फुकट तेल म्हणून आबाही तयार. आठवड्यानं ते हसत आले की समजायचं, तेल फसलं.