भोवऱ्यात मोजायचं नाही

धाकटा: दुकानाला कुलूप लावून आलोय, ताई. शिवणयंत्रावर अर्धी बाही तशीच सोडली. आता तरी ऊठ. दोन वाजता ऑपरेशन आहे तुझं.

ताई: नाही म्हटलंय ना मी? नऊ दिवस राहिलेत. पक्षी गेले की येते.

धाकटा: डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस? डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय. नऊ दिवस थांबलीस तर डोळा गेला. दुसऱ्यात आधीच मोतीबिंदू. मग या शाळेच्या गच्चीवर बसून काय मोजणार आहेस? कपाळ?

ताई: एकोणीस वर्षं झाली, धाकट्या. थंडी पडायच्या आधी शिकारी पक्षी इथूनच दक्षिणेला जातात. एकोणीस वर्षांत वहीत एक दिवस कोरा नाही. नोकरी संपली तरी शाळेनं गच्चीची किल्ली परत मागितली नाही, ती काय उगाच? आई गेली त्या दिवशीसुद्धा दुपारी वर आले होते.

धाकटा: आठवतंय. मावशी अजून बोलून दाखवते.

ताई: बोलू दे. त्या दिवशी दोनशे सहा गेले. आणि यंदा तर छप्पर फाडके आलेत! सोमवारपासून आकडा चढतोच आहे. अशा वर्षी मी उठू? ते बघ, पाण्याच्या टाकीच्या वर. चार आहेत. मोजायच्या डबीवर दाबले चार.

धाकटा: कुठे?

ताई: अरे टाकीच्या वर, सरळ! आता डावीकडे सरकले.

धाकटा: ताई, तिथे काही नाहीये.

ताई: तुला काय दिसतंय डोंबल! सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो तुला.

धाकटा: जवळचं दिसत नाही. लांबचं अजून लख्ख दिसतं. टाकीचा गंजलेला नळ दिसतोय मला, पण वर चिमणीसुद्धा नाही. जरा मान वळव. या भिंतीकडे बघ. आता?

ताई: थांब, डोळे पुसू दे.

धाकटा: बोल ना.

ताई: इथेही आहेत. चार. भिंतीवर.

धाकटा: म्हणजे डोळ्यातले ठिपके ते. डॉक्टर म्हणालेच होते, काळे ठिपके तरंगताना दिसतील म्हणून.

ताई: अरे देवा. सोमवारपासून मी माझ्याच डोळ्यातला कचरा मोजतेय! आणि वर खूश होत होते, मेली.

धाकटा: असू दे गं. कुणाला कळणार आहे?

ताई: मला कळलंय ना! वही दे इकडे. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चारही खोडायचे. आजचे ते चारही.

धाकटा: राहू दे, मी करतो. त्या जागी शून्य लिहू?

ताई: शून्य नाही! शून्य म्हणजे नीट बघितलं आणि नव्हते. इथे मी बघितलंच नाही. आडवी रेघ मार. मार म्हणते ना. एकोणीस वर्षं रे… रडू येतंय मला.

धाकटा: रडून घे. मग चल.

ताई: येते. पण माझी एक अट आहे.

धाकटा: आलीच का!

ताई: उरलेले नऊ दिवस तू बसायचं.

धाकटा: मी? चाळीस युनिफॉर्म पडलेत दुकानात. गिऱ्हाइकं मलाच उसवतील.

ताई: संध्याकाळी शिव. ऊन उतरलं की पक्षी जात नाहीत. लांबचं लख्ख दिसतं म्हणालास ना? मग आता सुटका नाही. ही डबी अंगठ्याखाली धर. एक पक्षी, एकदा बटण, एक टिक.

धाकटा: आपल्याच तोंडानं फसलो. ताई! डोंगराच्या अंगाला बघ… म्हणजे, नको बघूस. खूप आहेत. गोल गोल फिरत वर चढतायत. खरे आहेत, तुझी शपथ! सतरा, अठरा, एकोणीस…

ताई: थांब. तू भोवऱ्यातले मोजतोयस.

धाकटा: म्हणजे?

ताई: गरम हवेत ते घिरट्या घालतात, त्याला मी भोवरा म्हणते. त्यात तोच पक्षी तुझ्यासमोरून चारदा जातो. भोवऱ्यात मोजायचं नाही. वरून सुटून सरळ दक्षिणेला निघाला, की मग टिक.

धाकटा: पण न बघता तुला कसं कळलं?

ताई: शिवणयंत्रासारखं एका लयीत वाजवत होतास. पक्षी लयीत सुटत नाहीत कधी. दोन सुटतात, मग कुणीच नाही, मग एकदम पाच. डबी शून्यावर आण.

धाकटा: आणली. चल, तुला जिन्यापर्यंत धरतो.

ताई: मला नको धरूस, त्यांना धर. कठडा आहे मला. तुझी बायको खाली गाडीत आहे ना?

धाकटा: तासभर ताटकळलीय. ऐक ना, वहीत ‘मोजणारा’ म्हणून रकाना आहे, तिथे तुझंच नाव लिहितो. विसावं वर्ष पुरं होऊ दे तुझं.

ताई: वेड लागलंय का? ज्यानं पाहिलं त्याचं लिहायचं.

धाकटा: डोळा वाचेल ना गं? मला भीती वाटतेय.

ताई: मलाही वाटतेय. म्हणून तर जातेय. तू वर बघ.

(ताई जिना उतरते आणि मधल्या वळणावर थांबते. वरून डबीच्या दोन टिका ऐकू येतात. बराच वेळ काही नाही. मग भराभर येतात.)

धाकटा: ताई! गेलीस का? सगळे सुटले! अकरा!

ताई: टिकाही अकराच ऐकल्या मी. लिही.