अकरा टीव्ही आणि कोथिंबिरीची एक जुडी

नका ठेवू विश्वास, तुम्हीही नका ठेवू! घरच्यांनी ठेवला नाही, शेजारणीने ठेवला नाही, तर तुम्ही कोण लागून गेलात माझे... पण मी टीव्हीत दिसले. दिसले म्हणजे दिसले! शनिवारी दुपारी साडेबाराला, केबलवरच्या बातम्यांत, चांगली चार मिनिटं, हातात कोथिंबिरीची जुडी धरून. आता आमच्या घरात कुणालाही विचारा, एकच उत्तर, "हो हो, दिसली असशील." असशील! तुम्हाला सांगते, त्या 'असशील'ने माझं डोकं असं भणाणतं ना... पण माझं खरं कोण धरतंय!

झालं काय, सोमवारी येरवड्याच्या मंडईत मी भाजी घेत होते. तर एक पोरगी आली माईक घेऊन, उत्कर्षा नाव तिचं, मागे कॅमेरावाला. "काकू, कोथिंबीर महाग झालीय, त्यावर बोलाल का जरा?" आता मला आयुष्यात कुणी 'बोलाल का' असं विचारलंय का? लोक मला 'थांबाल का' विचारतात! मी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ती जुडी कॅमेऱ्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, ही जुडी आहे का? ह्यात पानं किती, काड्या किती? ही आमटीत घालायची का दात कोरायला ठेवायची? पोरगी एवढी खूश, एवढी खूश! म्हणाली, "काकू, शनिवारी साडेबाराला लागेल. पण फक्त केबलवर हं, मोबाईलवर नाही. आणि एकदाच. चुकवू नका."

मी धावत घरी. आमचे रावसाहेब, म्हणजे नावच रावसाहेब, रुबाब काही नाही, नवरा आहे माझा, तर ते पेपरातनं मान वर न काढता म्हणाले, "काय विकायला आले होते ते?" आमचे चिरंजीव तेजस, आयटीत आहेत, ते म्हणाले, "आई, प्रँक असेल." शेजारची शालन तर दारातनंच, "कौशल्याताई, तुम्हाला कशाला घेतील हो? टीव्हीला मेकअप लागतो." घ्या! म्हटलं शनिवारी या सगळे, इथे बसवते ओळीने, दाखवते.

आणि मंगळवारी टीव्ही गेला. फट्ट् आवाज आला, जळका वास आला, संपलं. चौदा वर्षं नीट चालला आणि माझी पाळी आली तेव्हा मेला! बरं, दुसरीकडे जाऊन बघावं तर आमच्या गल्लीत केबल उरलीय ती फक्त आमच्याकडे. बाकी सगळे मोबाईलला चिकटलेले. म्हणजे शनिवारच्या आत टीव्ही पाहिजेच.

मग बापलेकांची जुंपली. रावसाहेब म्हणतात, "टीव्ही बुधवार पेठेतनंच. बद्रीनाथकडनं. आपला मिक्सर त्याच्याकडचा आहे."

"बाबा, तो मिक्सर दहा वर्षं बंद आहे."

"असेल. पण बंद पडला तेव्हा तो काय म्हणाला? 'घेऊन या, बघू' म्हणाला. तुझा ऑनलाइनवाला म्हणेल?"

"मग नेला होतात का तुम्ही?"

"नाही. पण म्हणाला ना!"

इकडे तेजस मोबाईल नाचवतोय, "आई, हे बघ, ऑनलाइन स्वस्त आहे, बत्तीस हजार लोकांनी स्टार दिलेत." म्हटलं, अरे, ते बत्तीस हजार लोक शनिवारी येणार आहेत का टीव्ही जोडायला? मला कुठूनही आणा, बुधवारातनं आणा, ऑनलाइन आणा, आभाळातनं आणा, पण साडेबाराला त्यात मी दिसले पाहिजे! पण माझं कुणी ऐकेल तर... शेवटी तोडगा निघाला. काय? तर दुकानात जाऊन बघायचा आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचा! मी चौथी शिकलेली बाई, पण मलासुद्धा हे ऐकून लाज वाटली.

गेलो. बद्रीनाथच्या दुकानात भिंतीवर अकरा टीव्ही, मोजले मी, आणि अकराच्या अकरा टीव्हींत मासे. निळे मासे, पिवळे मासे, सगळे एकाच वेळी वळतायत. तो म्हणतो, "रंग बघा. खवला न् खवला दिसतो."

म्हटलं, "मला मासे बघायचे नाहीत, मला मी बघायचीय!"

त्याने चष्म्यावरनं बघितलं. "आपण ह्यात आत्ता येणार नाही. घरी केबल जोडलीत की याल. असाल तर."

असाल तर! ह्याला कुणी सांगितलं होतं? रावसाहेबांनी डोळा मारला असणार, दुसरं काय. आणि मी त्याला उत्तर देणार तेवढ्यात बघते तर आमचे चिरंजीव टीव्हीच्या मागे घुसलेले! मागच्या लेबलाचे फोटो काढतायत, एक उभा, एक आडवा, एक लांबनं. बद्रीनाथ अगदी शांत आवाजात म्हणाला, "चिरंजीव, स्थळ पसंत आहे का?"

"नाही काका, असंच..."

"नाही, एवढे फोटो हल्ली मुलीचे कुणी काढत नाही, म्हणून विचारलं."

रावसाहेब म्हणाले, "आम्ही विचार करून येतो."

"या ना. विचारही ऑनलाइन स्वस्त मिळतो असं ऐकलंय."

तुम्हाला सांगते, ते सहा फूट उंचीचे रावसाहेब त्या दुकानाच्या पायऱ्या उतरताना साडेतीन फुटांचे झाले होते.

शुक्रवारी टीव्ही आला. म्हणजे खोका आला. केवढा! दिवाण सरकवला तेव्हा कुठे आत मावला. मी कात्री घेतली, तर तेजस केवढ्यानं ओरडला, "आई, हात लावू नकोस! कंपनीचा माणूसच उघडणार. आपण उघडला तर वॉरंटी गेली!" म्हटलं, कधी येतो तो माणूस? "सोमवारी."

सोमवारी!! अहो, मी शनिवारी आहे!

शालन आली संध्याकाळी. "आला वाटतं टीव्ही? लावा की, बघू दे तुम्हाला." आता काय लावू? खोक्यावर चित्र होतं छापलेलं, त्यातही मासाच. ती खोक्याकडे बघून हसली, माझ्याकडे बघून हसली आणि गेली. पण माझं खरं कोण धरतंय!

शनिवारी अकराला मी विळी काढली. म्हटलं वॉरंटी गेली खड्ड्यात, मी खोका फाडते. तर दोघे बापलेक खोक्यापुढे आडवे! पंचवीस वर्षांत ह्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि तेही माझ्याविरुद्ध. ठेवली विळी. पायात चपला घातल्या, रिक्षा केली आणि थेट बुधवार. दगडूशेठला रिक्षातनंच हात जोडले.

बद्रीनाथ म्हणाला, "या. झाला विचार?"

म्हटलं, "केबल आहे का तुमच्याकडे?"

होती! गल्ल्यामागे त्याचा स्वतःचा एक टीव्ही होता, एवढासा, पाटाएवढा, क्रिकेट बघायचा. माझा अवतार बघून त्याने गुपचूप चॅनेल बदललं. आणि बारा बत्तीसला... मी! अहो, मी! पुढे जुडी, मागे मी, आणि काय बोलतेय, काय बोलतेय! भिंतीवर अकरा टीव्हींत मासे आणि पाटाएवढ्या टीव्हीत मी. बद्रीनाथ मान हलवून म्हणाला, "बरोबर आहे. काड्याच असतात हल्ली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! जगात एका माणसाने माझं खरं धरलं. मी घाईघाईने मोबाईल काढला, आता फोटोच दाखवते घरी, तर ह्याने फूटपट्टीने ठक् ठक् केलं. गल्ल्यावर पाटी. कोरी करकरीत. 'येथे टीव्हीचे फोटो काढू नयेत. टीव्ही विकायचे आहेत, त्यांची लग्ने जमवायची नाहीत.'

"अहो, मी टीव्हीचा नाही, माझाच फोटो काढतेय!"

"आपण टीव्हीत आहात. टीव्ही दुकानात आहे. पाटी दुकानाची आहे."

"मीच आहे ना ती!"

"असाल. पाटीखालीच आहात."

आणि ह्या वादात माझी चार मिनिटं संपली. कुठल्याशा गटाराची बातमी लागली. शेवटी मी हात जोडले, ह्या हातांनी! म्हटलं, निदान आमच्या घरी एक फोन करा, बघितलंत म्हणून सांगा. तर म्हणतो, "टीव्ही कुठून घेतलात आपण?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, ऑनलाइन.

"मग साक्षीदारही तिकडूनच मागवा. दोन दिवसांत येतो म्हणतात."

घरी आले. सांगितलं. रावसाहेब, "हो हो, दिसली असशील." आणि तेजस? तेजस मला म्हणतो, "आई, एक साधा फोटो काढायचास ना!"

फोटो काढायचास! अहो, निघताना मी बद्रीनाथला विचारलं होतं, ही पाटी कधीपासून हो? म्हणाला, "चाळीस वर्षं गरज पडली नव्हती. परवा एक चिरंजीव येऊन गेले." नाव विचारत होता. नाही सांगितलं. काय करणार, आई आहे ना मी... तुम्हाला सांगते. तेजस.