कुंकवाचा पब

चहा ठेव बाजूला, आधी हे ऐक. आर्थिक क्रॅशनंतर दुबईतल्या एका हॉटेलला जुना इंग्लिश पब हवा होता, पण विलायतेहून लाकूड मागवायची ऐपत उरली नव्हती. म्हणून मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये नवंकोरं लाकूड साखळ्यांनी बडवून आम्ही जुनं केलं. मध्येच दसरा आला. मशीनची पूजा करताना आमच्या हिने एका खांबालाही कुंकू लावलं. ते पॉलिशखाली तसंच राहिलं.

पुढे एकदा तिथे गेलो, तर गोरा मॅनेजर गिऱ्हाइकांना सांगतोय, "पब तीनशे वर्षांचा आहे, विलायतेहून जसाच्या तसा उचलून आणलाय. हा लाल डाग म्हणजे इथे भोसकलेल्या खलाशाचं रक्त."

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "हबीबी, कसलं रक्त? माझ्या बायकोचं कुंकू आहे ते! आमच्या बायका नवऱ्यासाठी लावतात!"

"व्हेरी इंटरेस्टिंग," म्हणाला.

परवा हिला घेऊन गेलो. तोच मॅनेजर, तोच खांब. "खलाशाची बायको इंडियन होती. तो मेला, तेव्हा तिने कपाळावरचं कुंकू या खांबाला पुसलं."

आणि ही शेजारी ठसठशीत कुंकू लावून बसलेली! मी उठून ओरडलोच, "अरे, तो नवरा मी आहे!"

तर तो शांतपणे गिऱ्हाइकांकडे वळून म्हणतो, "आणि हे त्याचं भूत."