इंटरवलनंतरचा पिच्चर

मंडळी, मागं उभे हायेत त्यांनी पुढं सतरंजीवर या, जागा लय हाय. परंदवडीची मंडळी हायेत, उर्स्याची हायेत, आपल्या लोणावळ्याच्या आळीतली तर सगळीच हायेत. सगळ्यांना राम राम आन् जय भीम. मला बोलायला उभं केलंय, पण मी बोलू काय? आयुष्यभर पवनानगरची जीप चालवली. "चला, कामशेत, कामशेत", एवढंच माझं भाषण.

दत्तोबा गेला. मिल्ट्रीत हवालदार व्हता, पण आमी त्याला मेजर म्हणायचो आन् त्यानं कधी दुरुस्त केलं न्हाई. सकाळी चहा प्यायला, कप खाली ठेवला, खुर्चीत मान टेकली आन् गेला. दवाखाना न्हाई, नळ्या न्हाईत. मला वाईट वाटतंय. व्हय, लय वाटतंय. पण खरं सांगू? मी आज सुटल्यासारखा हाय. का, ते सांगायलाच उभा राहिलोय.

तरुणपणी मेजर सुट्टीवर आलता. आमी दोघं लोणावळ्याच्या टॉकीजमदी गेलतो. बाहेर फोटोत वर्दीतला गोरा. आमाला वाटलं लढाईचा पिच्चर. आत बघतो तर गोळी न्हाई, बंदूक न्हाई. अमेरिकेचा शिपाई आन् जपानची बाई, दोघांचं जुळलेलं. त्याचे साहेब त्याला दम देतायत, हिच्याशी लगीन करायचं न्हाई. इंग्रजी आमाला कुटं कळतंय? पण दम कुठल्याबी भाषेत कळतो.

मग तो गोरा तिच्या दारात आला. वाकून बूट काढले, आत गेला, खाली बसला. तिनं वाढलं आन् तो जेवला. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती व्हती. मेजर हळूच म्हणाला, "बबन्या, हिच्याबी घरात बुद्ध हाय." तवा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गडी सोमाटण्याच्या स्टॉपवर रोज एष्टीची वाट का बघत बसतो, तेच मला कळत नव्हतं. उर्स्याची सुमन तिथनं बालवाडीवर शिकवायला जायची. तिच्या घरात बुद्धाची तसबीर. हा परंदवडीच्या मराठ्याचा पोरगा, ती बौद्ध वस्तीतली. बोलायचं कुणापाशी? दोन्ही गावांत सोय नव्हती.

इंटरवल झाला. मी भजी आणायला उठलो. मेजर म्हणाला, चल, उर्स्याला जायचं. मी म्हणलं, आरं, पिच्चर? गोऱ्याचं पुढं काय झालं ते बघू की. तर म्हणतो, "पुढचं आपण करू." माझी भजी बी राहिली आन् पिच्चर बी राहिला.

तितं गेल्यावर काय केलं असंल? सुमनच्या बापाच्या उंबऱ्यावर बसला आन् मिल्ट्रीच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. सावकाश. सगळी वस्ती बघतीय. मी आपला लिंबाच्या मागं. बूट काढून झाले आन् म्हणाला, "मामा, भूक लागलीय. जेवायला वाढा." बास. दुसरा शब्द न्हाई. मामांनी त्या काढलेल्या बुटांकडं बघितलं आन् आतल्या बाजूला हाक मारली, भाकरी वाढा म्हणून. मंडळी, माझ्या हिशेबानं लगीन तितंच झालं. कोर्टाचा कागद मागनं आला, आन् दोघांनी लोणावळ्यात घर केलं.

आता परंदवडीचं सांगतो, आबा हितंच बसलेत, त्यांच्यादेखत सांगतो. आबा म्हंजी मेजरचा थोरला भाऊ. आबांनी कधी भांडण केलं न्हाई, कधी वाटणीत खोट काढली न्हाई. दरसाल नव्या तांदळाचं पोतं घेऊन स्वतः लोणावळ्याला यायचे. पण पोतं उंबऱ्याबाहेर ठेवायचे. सुमनवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. आबा म्हणायचे, आत्ताच प्यालो. वहिनी तांब्या घेऊन माघारी जायची. पुढच्या साली परत आणायची. म्हंजी तिची बी जिद्द बघा.

आन् मेजर? परंदवडीच्या प्रत्येक लग्नाला हजर. आहेर करायचा, अक्षता टाकायच्या, पंगत बसली की माझ्या जीपमदी येऊन बसायचा. मी म्हणायचो, आरं, दोन घास खा. तर म्हणायचा, "जितं माज्या बायकोच्या हातचं पाणी चालत न्हाई, तितं मला बुंदी गोड लागंल व्हय रं?" मग आमी सोमाटण्याला मिसळ खायचो. लय लग्नांची मिसळ खाल्ली आमी.

त्याची लेक मागं म्हणाली, बाबा, तुमचा तो पिच्चर मोबाईलवर शोधून देते, राहिलेला अर्धा बघा. मेजर म्हणाला, नको. शेवट वाईट निघाला तर? एवढा मिल्ट्रीचा गडी, पण त्याला त्याची भीती व्हती. आपण गेल्यावर सुमनला कोण विचारंल, ही ती भीती. मला माहीत हाय.

तो गेला त्या दिवशी आमी मसणातनं माघारी आलो. घरात चूल न्हाई. आपल्यात रीत हाय, मयताच्या घरी भावकीनं भाकरी आणायची, कडू घास घालायचा. वहिनी भिंतीला टेकून बसलेली. कोण आणणार? मी बायकोला खुणावलं, तू पिठलं टाक, कुणी येणार न्हाई. तेवढ्यात आबा आले. काठी टेकत. मागं सूनबाई, डोक्यावर टोपली. आबांनी उंबऱ्यावर चपला काढल्या. वाकता येत न्हाई त्यांना, तरी हातानं काढल्या. आत आले, वहिनीच्या शेजारी खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आन् तिच्या हातावर ठेवला. वहिनीनं खाल्ला. मग स्वतः खाल्ला. आबांना ठसका लागला. सूनबाईनं पिशवीतनं पाण्याची बाटली काढली. आबांनी ती बाजूला सारली आन् म्हणाले, "बाटली कशाला? घर हाय की. सुमन, तांब्या आण."

वहिनी उठली. तांब्या आणला. आबा प्यायले. सगळा तांब्या प्यायले, मंडळी. मी बाहेर जाऊन जीपच्या बोनेटवर डोकं ठेवून रडलो. दुःखानं न्हाई. छातीवरचा धोंडा उतरला म्हणून रडलो.

काही जण म्हणतात, मेजर असताना झालं असतं तर? व्हय, झालं असतं तर बरं झालं असतं. मला बी तसंच वाटतं. पण झालं. न होता राहिलं असतं तर आज मी हितं काय बोललो असतो?

मेजर, इंटरवलनंतरचा पिच्चर मी बघितला रं. शेवट चांगला हाय. तू निवांत जा.

मंडळी, आता सगळे उभे राहा आन् थोडा वेळ गप राहू. आन् मग कुणी परस्पर गाडी गाठायची न्हाई. घर हितनं दोन पावलांवर हाय. दारात चपला काढा, आत या. वहिनी तांब्या भरून बसलीय. पाणी पिऊन जा.