माकडटोपीवर नाव

हॅलो? …हां, बोल टिल्ल्या. थांब, शिलाई मशीन बंद करते… हं. ताईची आठवण कशी काय झाली? …झाल्यात रे तुझ्या टोप्या. सगळ्या काळ्या माकडटोप्या, ढिगानं पडल्यात इथं. डोळ्यांची भोकं तेवढी राहिलीत.

…काय? कपाळावर नावं भरायची? कुणाची? …तुमचीच?

अरे, तोंड लपवायला टोपी घालायची आणि वर नाव टाकायचं? …थांब, हसू दे मला… हं, सांग. …सरावाला सगळे सारखेच दिसले. बरं. …आणि चष्मेवाल्यानं चुकून सेनापतीलाच बदडलं? अगं बाई! …नाही रे, हसत नाहीये. ठसका लागला.

पण काय रे, टोप्या नाटकाला हव्यात म्हणाला होतास. नाटकात सेनापती कुठून आला? …विषय बदलू नकोस.

खरं सांग. …कुठे? …परवान्याच्या कचेरीला? …आग? …मी कुठे ओरडतेय, तूच ओरडतोयस! …उद्या सकाळी. म्हणजे माणसं आत असताना. …सरकारला धडा? त्या कचेरीत सरकार बसतं होय रे? तिथं तो घोरणारा शिपाई बसतो. आणि कागद उलटताना बोट चाटणारी बाई.

…हो, हो, माहितीये. दुकान पाडलं तुझं, आतल्या सायकलींसकट. मी होते ना तिथं, तुझा हवेचा पंप मीच उचलून आणला. …अन्यायच झाला, नाही कोण म्हणतंय? …अरे पण ऐक ना! दुकान पडलं तेव्हा रडलास, जेवलास आणि नवी जागा शोधायला लागलास. पेटलास केव्हा, सांगू? परवाना मागायला गेलास आणि कचेरीतल्या त्या साहेबानं मान वर न करता ‘पुढचा’ म्हटलं तेव्हा. …लागलं ना? …आणि हा सेनापती कोण? …तो होय, घर ठाऊक आहे मला त्याचं! …त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, ‘वाघ’ म्हटलं. झालं, आमचे राव खूश! अरे, चहा मीही पाजते. वाघही म्हणते, हवं तर.

त्याचं काय पाडलं रे सरकारनं? …विचारलंच नाहीस? त्याच्या घराच्या एका विटेलाही कुणी हात लावलेला नाही. राग तुमचा, जेल तुम्हाला, आणि सेनापती तो.

…नाही, आधी माझं ऐक. सकाळी आई कुठे असते, ठाऊक आहे? …झोपलेली नसते. त्याच कचेरीत असते. दाराजवळच्या बाकावर. …रोज. तुला नव्या जागेचा परवाना मिळावा म्हणून. …साहेब तिच्याकडेही बघत नाही, तरी बसते. …तू घरी फिरकलास तर कळेल ना.

…टिल्ल्या? …रडतोयस? …रड.

…कोण? अहो, सेनापती का? नमस्कार. …त्याग? करा की. तुमच्या आईला बसवा त्या बाकावर, मग बोलू त्यागाचं. …त्याच्याकडे द्या फोन. …द्या म्हणते ना, नाहीतर तुमच्या टोपीवर नावाखाली पत्तापण भरते!

…हां. हे बघ, आईला उद्या मी जाऊ देणार नाही. …पण तो शिपाई? ती बाई? बाकावरचे बाकीचे? त्यांना कोण अडवणार? …म्हणून मी पोलिसांना सांगणार आहे. …हो, सगळ्यांची नावं. …तुझंही. आधी तुझंच. …दे शिव्या. चपला घालता घालता दे, आणि सरळ इकडे ये. आपण दोघं जाऊ त्यांच्याकडे. मी तुझ्या शेजारी बसेन. …नाही रे, आता खरंच हसत नाहीये.

…निघालास? …काडेपेटी तिथं ठेवू नकोस, घेऊन ये. …बरं, ठेव आता. मला पोलिसांना फोन लावायचाय.