झोफियाच्या आधी

नाही, नाही, एवढीच. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. जाहिरातीतल्या फोटोत बाग मोठी दिसते, कारण फोटो जूनमधला आहे, तोही परवाच्या वर्षीचा — इरेकने टाकलाय, माझ्या मुलाने, मला न विचारता — आणि तुम्ही आलात फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कुणी बाग विकत घ्यायला येतं का? नाही येत. बघा आता, चार वाफे, एक खोपी, एक सफरचंदाचं झाड, बाकी चिखल आणि बर्फ. बर्फसुद्धा धड पांढरा नाही. मला हा हिवाळा आवडतच नाही, अजिबात. लोक म्हणतात, जमीन विश्रांती घेते — घेऊ दे की, पण मी काय करू? नोव्हेंबरपासून घरी चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून आहे, हात मांडीवर ठेवून. हात काय मांडीवर ठेवायला दिलेत? — बसा ना त्या बाकावर — नको, ओला आहे, उभेच राहा.

माती? माती वाईट आहे. खरंच सांगते, तण तर असं माजतं की उपटता उपटता कंबर मोडते. नळाला एप्रिल संपेपर्यंत पाणी नसतं. आणि शेजारचा वाल्देमार दिवसभर रेडिओ लावून बसतो — हसताय? बरं, नाही वाईट माती. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी तिला खाऊ घातलंय, मी आणि तेओफिल, माझा नवरा — वाईट कशी असेल.

टोमॅटो लावायचेत? बायकोला हवेत? मग एक ऐका, पंधरा मेच्या आधी रोप बाहेर काढायचं नाही. बर्फाचे संत माहीत असतील तुम्हाला — पांक्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी, बारा-तेरा-चौदा मे हे त्यांचे दिवस, थंडी परत घेऊन येतात, आणि त्यांच्या मागून पंधराला थंडगार झोफिया. ती एकदा गेली की दंवाची भीती संपली. इथल्या सगळ्या बागांत हाच नेम. दरवर्षी एखादा असतोच — उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग — जरा ऊन पडलं की लावून मोकळा, आणि मग एका सकाळी काळी पडलेली रोपं बघत उभा. आम्ही हसायचो त्यांना. मीच जास्त. चाळीस वर्षांत माझं एक रोप गोठलेलं नाही.

चावी घ्यायला घरी आलात तेव्हा खिडकीत दह्याचे डबे पाहिलेत ना? साठ आहेत. टोमॅटोच. जानेवारीत पेरले — जानेवारीत, मी! आता उजेडाच्या मागे लागून काडीसारखी लांबलीत, काचेला टेकलीत. इरेक म्हणतो, आई, तूच कुणाला मार्चआधी पेरू द्यायची नाहीस, तुला झालंय तरी काय? काय झालंय म्हणे.

गेल्या मेमध्ये तेओफिल हॉस्पिटलात होता. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, बस. एक तारखेला म्हणाला, गेनिया, यंदा लवकर लाव, वाट नको बघूस. लावलेस की येऊन सांग मला, कुठल्या वाफ्यात किती ते. एवढंच मागितलं त्याने. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, वेडा आहेस का, झोफिया जाऊ दे की. मग रोज विचारायचा, लावलेस? आणि मी रोज — नाही रे, संत यायचेत अजून. खोटंसुद्धा बोलता आलं असतं, नाही का? नुसतं म्हणायचं, हो, लावले, पहिल्या वाफ्यात बारा. सुचलंच नाही मला. तेरा तारखेला गेला तो. आणि दंव — दंव पडलंच नाही हो! एक रात्र नाही. सगळा मे उबदार गेला. मी काही लावलं नाही मग, रोपं खिडकीतच वाळली.

तेव्हा आता तर देत नाही मी ही बाग. इरेकला सांगा, बाई नाही म्हणाली. माझ्या नावावर आहे ती, त्याच्या नाही. एक मेला मी लावणार, साठच्या साठ, आणि मग मोठ्याने सांगणार कुठल्या वाफ्यात किती ते — वाल्देमारने ऐकलं तर ऐकू दे. गोठली तर गोठू देत. गोठावीतच, असंही वाटतं कधी कधी. म्हणजे त्याला सांगता येईल, बघ, मी उगाच ‘नाही’ म्हणत नव्हते.

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? तुम्ही बाग बघायला आलात.

काय म्हणालात? थांबू आम्ही, झोफिया होईपर्यंत? थांबा बापडे. मला नका सांगू थांबण्यातलं काही. — चला, निघा आता, तुमची बस जाईल. नाही, मी येत नाही, चावी ठेवा त्या बाकावर. जा.